मासा गेला कुठे?

‘मासा कुठे गेला?’ या मुलांच्या प्रश्नाला ‘नदीत गेला’ असे उत्तर देऊ नये. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि वीज गेली की हवेचा पंपही थांबतो. अशा रात्री जेमतेम 3 सेंटिमीटरचा निऑन टेट्रा दगावला, तर सोबतचे मासे सकाळपर्यंत त्याचा मागमूस ठेवत नाहीत. झाकण नसल्यास तो उडी मारून कपाटामागे सुकलेला सापडतो. पुष्कळदा मात्र एंजल मासा जिवंत निऑनच गिळतो. दुकानात रुपयाएवढा असताना तो निरुपद्रवी भासतो. पुढे तळहाताएवढा होतो. दोघांना एका टाकीत ठेवणे म्हणजे पंचेंद्रिय जीवाच्या हिंसेची आपणच सोय करणे होय. घरी एंजल असेल, तर उरलेले निऑन आजच दुसऱ्या टाकीत हलवावेत.