पुण्यात छापलेलं रहस्य

1887 साली लंडन आणि पुणे या दोन शहरांत एकाच ग्रंथाची दोन भाषांतरं निघाली. लंडनमध्ये मॅकग्रेगर मॅथर्स याने ‘द कब्बाला अनव्हेल्ड’ प्रसिद्ध केलं. ज्यू गूढविद्येचा मोठा ग्रंथ म्हणजे ‘झोहार’. त्यातले तीन भाग त्याने इंग्रजीत आणले, तेही मुख्यतः क्नोर फॉन रोझेनरोथच्या सतराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरावरून. त्या तीन भागांपैकी एक ‘इद्रा झुटा’. मृत्यूच्या दारात उभा असलेला गुरू शिमोन बर योहाय शिष्यांना अखेरचा उपदेश करतो, तो हा भाग. त्याच वर्षी आपल्या पुण्यात अब्राहम डेव्हिड एझेकिएल या बगदादी ज्यू गृहस्थाने स्वतः हिब्रू छापखाना घातला आणि हाच ‘इद्रा झुटा’ हिब्रू लिपीतल्या अरबी भाषेत छापून बाहेर काढला.

मॅथर्सचं पुढे नाव झालं. 1888 साली ‘गोल्डन डॉन’ हा गुप्त पंथ ज्या तिघांनी स्थापला, त्यांत तो होता. कवी येट्स त्याच पंथात दाखल झाला. मॅथर्सचं पुस्तक आजही छापलं जातं. एझेकिएलचं नाव मात्र पुण्यातल्या भल्याभल्या वाचकांनाही माहीत नसतं, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

पुस्तकांवरच्या या स्तंभासाठी जी पत्रं येतात, त्यांत अलीकडे तरुण वाचक बरेच आहेत. आमच्या कात्रजला भारती विद्यापीठामुळे बाहेरगावची मुलं-मुली मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षेच्या गठ्ठ्याशेजारी इल्युमिनाटी, फ्रीमेसन, रोझिक्रूशन असली नावं मिरवणारं एखादं पुस्तक हमखास सापडतं. या मुलांच्या कुतूहलाला मी नावं ठेवणार नाही. जगात डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडे काही आहे का, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. माझी तक्रार त्यांच्या हातात पडणाऱ्या पुस्तकांबद्दल आहे. मुखपृष्ठावर सोनेरी त्रिकोण, त्रिकोणात डोळा. आत प्रकरणामागून प्रकरण ‘असं मानलं जातं’, ‘जाणकार सांगतात’. कोण मानतं, कुठला जाणकार, कुठल्या कागदावरून, याचा पत्ता नाही. शेवटी संदर्भसूची नाही, भाषांतर असेल तर मूळ आवृत्तीचं साल नाही. आणि जगातली प्रत्येक क्रांती, प्रत्येक युद्ध, प्रत्येक बँक त्या एकाच मंडळीच्या खिशात!

खरी हकीकत याहून किती तरी वेगळी आहे, आणि रंजकही. इल्युमिनाटी हा पंथ अ‍ॅडम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने 1 मे 1776 रोजी बव्हेरियातल्या इंगोलश्टाट इथे काढला. दहा वर्षांच्या आत सरकारने त्यावर बंदी घातली, झडत्या घेतल्या आणि 1787 साली त्यांचे जप्त केलेले कागद स्वतःच छापून टाकले. रोझिक्रूशन बंधुसंघाची जगाला ओळख झाली ती 1614 साली कासेल इथे छापलेल्या एका पुस्तिकेमुळे. संघ प्रत्यक्षात होता की नव्हता यावर अजून वाद चालतो, पुस्तिका मात्र निश्चित होती. 1717 साली लंडनमध्ये फ्रीमेसनांचं पहिलं ग्रँड लॉज स्थापन झालं आणि 1730 साली सॅम्युएल प्रिचर्डने त्यांचे विधी, प्रश्नोत्तरांसकट, ‘मेसनरी डिसेक्टेड’ या नावाने छापून विकायला ठेवले. म्हणजे जे गुपित म्हणून आज आपल्याला विकलं जातं, ते लंडनच्या बाजारात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली त्याच साली विकत मिळत होतं.

शाहिस्तेखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजच्या घाटाकडे पळवलं आणि महाराज सिंहगडाच्या वाटेने निघून गेले, ही गोष्ट आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. गुप्त पंथांवरची बहुतेक लोकप्रिय पुस्तकं वाचकाला त्या पलित्यांमागे धावायला लावतात. शपथा, खुणा, मुखवटे, महात्म्यांची पत्रं हे सगळे पलिते. खरं माणूस दुसऱ्याच वाटेने गेलेलं असतं. छापखाना घालत, लिप्या शिकत, भाषांतरं करत, आपल्याच समाजाचा रोष पत्करत.

एझेकिएलचं उदाहरण घ्या. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससूनने बांधवलेलं सिनेगॉग, 1867 साली पूर्ण झालं. बगदादहून मुंबई-पुण्याला आलेल्या ज्यूंची घरची भाषा अरबी, पण लिपी हिब्रू. कोकणातून आलेले बेने इस्रायल निराळे, त्यांची बोली मराठी. 1874 साली वल्हांडण सणाची ‘हगादा’ ही पोथी पुण्यात हिब्रू आणि मराठीत सचित्र छापली गेली, हे ज्याला कळलं त्याला एझेकिएलच्या छापखान्याचं आश्चर्य वाटणार नाही. या शहरात ज्यू पुस्तकं निघत होती. एझेकिएलने त्यापुढचं पाऊल टाकलं. तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद होता. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे, असं ही सोसायटी मानत असे. तेव्हा आपल्याही परंपरेतलं झाकलेलं ज्ञान सामान्य माणसाला त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे, या धडपडीत तो पडला असेल तर नवल नाही. बगदादच्या धर्मगुरूंनी विरोध केला. झोहारसारखा ग्रंथ कुणीही उठून वाचावा, हेच त्यांना मान्य नव्हतं. बोआझ हुस या इस्रायली अभ्यासकाने 2010 साली यावर सविस्तर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात पुणं आहे आणि ‘अमेरिकेतून आलेला सूफी समाज’ असे शब्दही आहेत. थिऑसॉफीकडे त्या काळच्या ज्यूंनी कुठल्या नजरेने पाहिलं, ते या शब्दांत उमटलं आहे.

मराठीत यावर काय आहे? ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, एकनाथांनी संस्कृतच्या मक्तेदारीला जाब विचारला, याचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेला एझेकिएलचा झगडा समजायला कितीसा वेळ लागणार? पण सांगणारं पुस्तक हवं ना!

दुसरं नाव दामोदर मावळंकर याचं. मूळ कोकणातलं कऱ्हाडे घराणं, जन्म 1857 साली अहमदाबादचा. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 16 फेब्रुवारी 1879 रोजी मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि ऑक्टोबरात त्यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केलं. दामोदर त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाला. जात सोडली, घर सोडलं, मासिकाचा कारभार अंगावर घेतला. सोसायटीचं ठाणं मद्रासच्या अड्यारला हलल्यावर तोही तिकडे गेला. 1885 च्या फेब्रुवारीत तो मद्रासहून निघाला, दार्जिलिंगमार्गे सिक्कीमच्या डोंगरांत शिरला. 23 एप्रिलला त्याने हमालांबरोबर सामान आणि रोजनिशी परत पाठवून दिली आणि एकटा तिबेटच्या दिशेने चालू लागला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. वय सत्तावीस. आपल्या घरातला मुलगा असा नाहीसा झाला असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं? स्वेन ईक यांनी त्याच्यावर आणि त्याच्या सहकाऱ्यांवर 1965 साली इंग्रजीत जाडजूड ग्रंथ केला. मराठीत तसा ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही.

यावर काहींचं म्हणणं असतं की ही सगळी भोंदूगिरी, तिच्यावर शाई कशाला घालवायची? त्यांचा मुद्दा मी टाकून देत नाही. दूरच्या गुरूंकडून चमत्काराने येतात असं ब्लाव्हॅट्स्कीबाई सांगत, त्या ‘महात्म्यांच्या पत्रां’ची चौकशी रिचर्ड हॉजसनने केली आणि 1885 च्या अहवालात बाईंना लबाड ठरवलं. शंभर वर्षांनी, 1986 साली, व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने हॉजसनच्याच पद्धतीतले दोष तो अहवाल छापणाऱ्या संस्थेच्याच नियतकालिकात दाखवले. पत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ज्याला हवं त्याने पाहावीत. माझा स्वतःचा त्या चमत्कारांवर विश्वास नाही. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो व्हायलाच हवा होता, आणि त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी पुण्यात प्राण दिले हे विसरता येणार नाही. पण लुबाडणाऱ्या बाबाला पकडणं हे पोलिसांचं काम आणि माणसं कशावर, का विश्वास ठेवत आली हे शोधणं अभ्यासकाचं. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात या विषयाचं अध्यासन 1999 पासून आहे. तिथले लोक काही पिशाच्च उठवत नाहीत. ते जुने कागद वाचतात.

आपल्याकडच्या फ्रीमेसनांचंच पाहा. मुंबईत 1843 साली जेम्स बर्न्स याने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी माणसांना सामावून घेण्यासाठी काढलं. गोऱ्या साहेबाच्या शेजारी बरोबरीने बसता येईल अशा जागा त्या काळात किती होत्या? बाहेरचे लोक असल्या इमारतींना ‘जादूघर’ म्हणून घाबरत, आणि आत खुर्च्या कुणी कुणाशेजारी मांडायच्या यावर खरा झगडा चाललेला. हाही एक पुस्तकाचा विषय पडून आहे.

म्हणून दोन विनंत्या. मराठी प्रकाशकांनी इल्युमिनाटीवरचं आणखी एक भाषांतर काढण्याआधी एझेकिएल आणि मावळंकरांवर लिहील असा माणूस शोधावा. त्याला हिब्रू येणारा सोबती आणि वर्षा-दोन वर्षांचा खर्च द्यावा. दुसरी विनंती तुम्हाला. कॅम्प, रास्ता पेठ, नाना पेठ इथले जुने वाडे आणि बंगले भराभर पाडले जात आहेत आणि माळ्यावरच्या पेट्या किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जात आहेत. तुमच्या घरच्या पेटीत हिब्रू अक्षरांचं पुस्तक, लॉजचं छापील आमंत्रण किंवा ‘थिऑसॉफिस्ट’चे जुने अंक निघाले, तर विकू नका. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आहे. तिथे नेऊन दाखवा.