फटाका उडवणाऱ्यालाही परवाना हवा



दिवाळीत फटाक्यांचा तात्पुरता स्टॉल लावायचा तर विक्रेत्याला परवाना काढावा लागतो. स्फोटके नियम, 2008 प्रमाणे शेड न जळणाऱ्या साहित्याचे हवे, दोन शेडमध्ये निदान 3 मीटर अंतर हवे, त्यांची तोंडे समोरासमोर नकोत, आत उघडी ज्योत नको, एका ठिकाणी 50 पेक्षा जास्त दुकाने नकोत आणि शेडपासून 50 मीटरच्या आत फटाके उडवायचे नाहीत. ही सगळी बंधने रास्तच आहेत. 2016 च्या दिवाळीत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार बघता बघता खाक झाला होता. शंभरावर दुकाने जळाली.

पण तोच माल पिशवीत भरून आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बोळात आणला की कुणी काही विचारत नाही. घेणारा कोण, त्याचे वय काय, तो हे कुठे उडवणार, कशाचीच नोंद नाही. फटाक्याच्या आवाजाची मर्यादा 125 डेसिबल आहे आणि तो मोजायचा फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर. आमच्या कित्येक बोळांत दोन भिंतींमध्ये 4 मीटर सापडत नाहीत. तिथे सुतळी बॉम्ब लावला तर तो कुणाच्या तरी उंबऱ्यातच फुटतो.

बंदी घाला असे मी म्हणत नाही. फुलबाजी, भुईनळे, भुईचक्र हा पोरांचा आनंद आहे आणि तो राहावा. पण मोठ्या आवाजाचे बॉम्ब आणि आकाशात जाणारे शॉट्स विकत घेण्याला आणि उडवण्याला परवाना असावा, ही माझी मागणी आहे.

आता हे फक्त दिवाळीपुरते राहिलेले नाही. वरात, निवडणुकीचा निकाल, शाहू स्टेडियमवर जिंकलेली मॅच, चौकात रात्री बारा वाजता कापलेला केक, सगळ्याला बार लागतात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत शॉट्सचा एक बॉक्स रस्त्यावर नुसताच ठेवून पेटवला, बाजूला विटांचा आधारसुद्धा दिला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या बाराला तो आडवा झाला आणि उरलेले बार समोरच्या माडीच्या खिडकीत शिरले. वाळत घातलेली चादर पेटली. घरात माणसे जागी होती म्हणून दोन बादल्या पाण्यावर भागले. बॉक्स कुणी लावला, असे विचारल्यावर मात्र एकही जण पुढे आला नाही. पोरे पांगली होती. जुन्या घरांतल्या तुळया, लाकडी जिने, माळ्यावरची अडगळ यांना आग किती लवकर धरते ते या भागाला सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण पाहिले आहे. त्या आगीशी मी फटाक्यांचा संबंध जोडत नाही. शेजारी आग लागली की पेठेतल्या माणसाच्या पोटात गोळा का येतो, एवढेच सांगायचे आहे.

कायदे नाहीत असे कुणी म्हणू नये. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगितले. 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालाने दिवाळीत रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली, माळांवर बंदी घातली आणि उल्लंघन झाल्यास त्या त्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला जबाबदार धरले. म्हणजे विक्रेता जबाबदार, ठाणेदार जबाबदार, आणि ज्याने वात पेटवली तो मात्र अंधारात.

परवान्याने त्याचे नाव कागदावर येईल. गल्लीतल्या, मंडळाच्या किंवा लग्नघरच्या एका प्रौढ माणसाने जागा, दिवस, वेळ आणि मालाचे प्रमाण लिहून द्यावे, जवळ वाळू आणि पाणी ठेवण्याची हमी द्यावी आणि अनामत भरावी. नुकसान झाले तर भरपाई त्या अनामतीतून, आणि पुढची काही वर्षे त्याला परवाना नाही. दुकानदाराने तो कागद पाहूनच माल द्यावा आणि बिलावर त्याचा क्रमांक लिहावा. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल मंदिरात एप्रिल 2016 मध्ये प्रशासनाने आतषबाजीला परवानगी नाकारली होती. तरीही ती झाली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. नुसत्या नकाराचा कागद दारूगोळा अडवत नाही. माल हातात पडण्याआधीच अडवला पाहिजे.

यात परंपरेला धक्का लागतो, असे काही जण म्हणतील. तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंदची दसऱ्याची आतषबाजी आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. सिद्धराजाच्या पालखीपुढे होणारे ते दारूकाम पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेली माणसे करतात. त्याच गावात 2015 साली फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. जाणकारांच्या गावावर ही वेळ येते, तर हौसेने पहिल्यांदाच शॉट्स लावणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात आपण काय देतो, याचा विचार व्हायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात असे फटाके परवाना असलेल्यालाच मिळतात. तिथले उत्सव त्यामुळे बंद पडलेले नाहीत.

दुसरा आक्षेप चिरीमिरीचा. तो खरा आहे आणि मला त्याची काळजी वाटते. म्हणून अर्ज ऑनलाइन असावा, शुल्क ठरलेले असावे आणि दिलेल्या परवान्यांची यादी ठाण्याबाहेर व महापालिकेच्या संकेतस्थळावर लागावी. कोणत्या गल्लीत कोणाच्या नावावर परवाना आहे, हे शेजाऱ्यांना वाचता आले की गुपचूप व्यवहाराला वाव कमी राहतो. स्पीकरला, मांडवाला, मिरवणुकीला मंडळे आजही परवानगी काढतात. तालमींच्या कार्यकर्त्यांना हे कागद नवे नाहीत.

पूर्ण राज्यात एकदम नको असेल तर जुना राजवाडा पोलीस ठाण्याच्या हद्दीत सुरुवात करावी. मंडळांच्या बैठकीत हा विषय जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापालिका आयुक्त यांनी एकत्र बसून मांडावा आणि दिवाळीचा माल दुकानात उतरण्याआधी अर्जाचा नमुना जाहीर करावा.

– एक रहिवासी, मंगळवार पेठ, कोल्हापूर