वाढीव खोली नेमकी कुणासाठी?

पावसाळा सरला की पुण्याच्या आसपासच्या गावांत बांधकामांना जोर येतो. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, कुठेही जा. रस्त्याकडेला विटा, खडी आणि वाळूचे ढीग दिसतात. यातली बरीच कामे नव्या घरांची नसतात. शेतावर वडिलांनी बांधलेले दोन-तीन खोल्यांचे घर असते. मुले पुण्यात नोकरीला लागलेली असतात, हातात थोडा पैसा आलेला असतो. गणपतीला, दिवाळीला सगळे जमले की जागा पुरत नाही. मग एके दिवशी ठरते, ‘वर एक खोली काढू.’

गवंडी येतो, फुटांचा हिशेब होतो, स्लॅब की पत्रा यावर चर्चा होते, फरशीचा रंगही ठरतो. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: या घरात वर्षाचे ३६५ दिवस कोण राहते?

बहुतेक घरांत उत्तर असते, सत्तरीतले आई-वडील. वरच्या मजल्यावर मात्र ते कधी झोपणार नाहीत, कारण गुडघे जिना चढू देत नाहीत. खोली होते वर्षातून दहा-पंधरा दिवस येणाऱ्यांसाठी. आणि रोज राहणारी आई रात्री दोन वाजता बॅटरी हातात घेऊन परसातल्या संडासापर्यंत तशीच चालत जात असते, जशी गेली वीस वर्षे जात होती.

सरकारी रुग्णालयात काम करताना घराचा आराखडा आम्हाला रुग्णाच्या अंगावर वाचता येतो. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना विचारले, ‘कशा पडलात?’ तर उत्तर ठरलेले असते: ओली मोरी, अंधारातली पायरी, नाहीतर संडासाला जाताना. उतारवयात खुबा मोडणे ही निव्वळ हाडाची दुखापत नसते. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी असे एकामागून एक सुरू होते. शस्त्रक्रिया चांगली होऊनही बरेच जण पूर्वीसारखे चालू लागत नाहीत, आणि वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाणही कमी नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. शेतावरच्या घरात एकच खोली वाढवायची ऐपत असेल, तर ती तळमजल्यावर वाढवा, तिला लागून संडास-बाथरूम करा आणि ती घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला द्या. पाहुणे वर्षातले चार दिवस ओसरीवरही झोपतील.

या खोलीला काय लागते? दार तीन फूट रुंद, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची लागली तर आत येईल. खोली आणि बाथरूम यांच्यात उंबरा नको. फरशी खरखरीत हवी; चकचकीत टाइल्स ओल्या झाल्या की घसरतात. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्का दांडा हवा. दिव्याचे बटण पलंगावरून हात पोचेल असे हवे. यातली एकही गोष्ट महाग नाही. मात्र ती भिंत बांधण्याआधी ठरवावी लागते. नंतर फोडाफोडीत दुप्पट पैसा जातो.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. कित्येकदा आई-वडीलच नको म्हणतात. ‘घरात संडास? देवघराला लागून?’ त्यांच्या या भावनेला हसू नये. संडासाचे दार थेट खोलीत न काढता पडवीत काढावे, मध्ये एक भिंत ठेवावी, हवेशीर जाळी ठेवावी. छप्पर एक असले, जमीन एका पातळीत असली आणि वाटेत दिवा असला की आमचे वैद्यकीय काम झाले. देवघर जिथे आहे तिथेच राहू दे.

संडास घरापाशी आला की दुसरा प्रश्न येतो: मैला जातो कुठे? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन-बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. राज्यात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. जुलाबाच्या आजारानंतर काही दिवसांत हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. नांदेडची विहीर त्या दिवसांत बातम्यांत होती. एके काळी शेतजमीन असलेल्या या भागात आज घराला घर लागले आहे. तिथल्या साथीने एक जुनाच धडा नव्याने दिला. विहीर किती स्वच्छ, हे तिच्या आजूबाजूला काय मुरते यावर ठरते.

सेप्टिक टँकविषयीच्या भारतीय मानकानुसार, त्यातून बाहेर पडणारे पाणी जिथे जमिनीत मुरते ती जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट, लांब असावी. आता एक गणित करून पाहा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा. तिच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर जेमतेम ४७ फूट भरते. एका गुंठ्यात बोअर आणि शोषखड्डा दोन्ही नियमात बसवणे अशक्य आहे. शिवाय शेजाऱ्याचा शोषखड्डा तुमच्या बोअरपासून किती लांब आहे, तेही मोजायला हवे. एकरभर शेतात अडचण जागेची नसते, सवयीची असते. पाइप कमी लागावा म्हणून टाकी घरामागे घेतली जाते, आणि विहीरही घरामागेच असते.

आपल्याकडचा काळा कातळ आणखी फसवा आहे. माती आणि मुरुमातून पाणी सावकाश झिरपते, वाटेत बरेच जंतू गाळले जातात. पण कातळाला भेग असली तर तेच पाणी न गाळता लांबवर जाऊ शकते. म्हणून ६० फूट हे किमान अंतर समजावे, आणि शोषखड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घ्यावा, चढाकडे कधीच नको. माणसे कमी असतील तर दोन खड्ड्यांचा संडास उत्तम: एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातले दोन वर्षांनी कोरडे खत होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्याची तपासणी करून घ्या. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर कशी आणि किती टाकायची तेही सांगतो.

तिसरी गोष्ट हवा. वाढीव खोली बहुधा जुन्या खिडकीच्या जागी येते. बाहेरची खिडकी बुजते आणि मधली खोली कोंदट, अंधारी होते. नेमकी तीच खोली पुढे खोकणाऱ्या आजोबांच्या वाट्याला येते. क्षयरोगाचे जंतू बंद हवेत तासन् तास तरंगतात. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या तर, यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांपेक्षा जास्त हवा खेळते आणि संसर्गाचा धोका कमी राहतो, असे त्यात दिसले. आपल्या आजोबांच्या वाड्यांना हे आधीच ठाऊक होते. नव्या खोलीला समोरासमोरच्या भिंतींत दोन खिडक्या ठेवा, आणि जुन्या खोलीची खिडकी बुजत असेल तर तिला दुसरीकडे वाट द्या.

स्वयंपाकघर वाढवत असाल तर चुलीचा विचार आधी करा. गॅस सगळीकडे पोचला असला तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून चुलीवरच होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते, की कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि सरपण-गोवऱ्यांचा धूर हे त्याचे प्रमुख कारण आहे. आमच्या ओपीडीत धापा टाकत येणाऱ्या कित्येक बायांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो. चूल ठेवायचीच तर पडवीत, मोकळ्या बाजूला ठेवा आणि वर धुराडे काढा. झोपायच्या खोलीचे दार चुलीकडे उघडू नका.

आता बांधकामाचे चार-सहा महिने. हा काळ कुणी धोक्याचा मानत नाही, पण तो असतो. विटांचे ढीग आणि फळ्यांचा पसारा म्हणजे विंचवांना, उंदरांना आणि उंदरांमागे सापांना घर. ढीग घराच्या भिंतीला लावू नका. विटा उचलताना हातात मोजे, पायात बूट असू द्या. विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेल्या प्राझोसिन या औषधाने असंख्य जीव वाचले; पण ते वेळेत मिळाले तरच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. घरात काम चालू असताना सगळे खाली सतरंजीवर झोपतात, तेच नेमके टाळा. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी ही स्वस्त आणि खात्रीची सोय आहे. मच्छरदाणीमुळे रात्रीचे सर्पदंश टळतात, हे नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात दिसले आहे.

स्लॅबला पाणी मारण्यासाठी भरलेली टाकी, उघडी पिंपे आणि स्लॅबवर साचवलेले पाणी यांत डेंगी-झिकाचा एडिस डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एक दिवस सगळे पाणी उपसून भांडी कोरडी करा. आणि जुने सिमेंटचे पत्रे काढताना ते फोडू नका, करवतीने कापू नका. अशा बऱ्याच पत्र्यांत ॲसबेस्टॉस असते. त्याची धूळ श्वासावाटे गेली तर फुप्फुसाचा कर्करोग वीस-तीस वर्षांनी उद्भवू शकतो. पत्रा आधी ओला करावा, अख्खा उतरवावा, आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवावे.

डोंगरउतारावर घर असेल तर मागचा उतार कापून खोली काढण्याआधी थांबा. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. प्रत्येक उतार माळीण नसतो, पण कापलेल्या उताराचा आधार जातो आणि पावसाचे पाणी त्यात शिरते, एवढे तरी प्रत्येकाला लागू आहे. तिथे खोली मागे न वाढवता पुढे, अंगणाकडे वाढवा. आणखी एक. नवी भिंत, कुंपण, फाटक घालताना १०८ ची रुग्णवाहिका दारापर्यंत येईल एवढी वाट सोडा. छातीत कळ आलेल्या माणसाला खाटेवरून बांध ओलांडत न्यावे लागले, तर त्यात जाणारी मिनिटे आम्हाला रुग्णालयात परत मिळवता येत नाहीत.

‘डॉक्टर, एवढे सगळे कोण पाहणार?’ असे विचाराल. माझे उत्तर: नकाशा. वाढीव बांधकामाचा प्रत्येक नकाशा, मग तो वास्तुविशारदाने काढलेला असो की गवंड्याने वहीच्या पानावर, विहीर, बोअर आणि शोषखड्डा दाखवल्याशिवाय पुरा मानू नये. त्यांच्यातले अंतर आकड्यात लिहावे. परवानगी देणाऱ्या कार्यालयाने हे तीन ठिपके आधी पाहावेत आणि चौरस फूट नंतर मोजावेत. गावच्या आरोग्य सेवकाने जागेवर एक चक्कर मारली तरी पुढच्या कित्येक जुलाबांची औषधे वाचतील.

आणि घरच्यांनी एक सोपी गोष्ट करावी. पुण्याहून येणाऱ्या मुलांनी गवंड्याशी बोलण्याआधी एक रात्र गावाकडे राहावे आणि आईला उठवून न घेता, रात्री दोन वाजता, एकट्याने, तिच्या वाटेने परसातल्या संडासापर्यंत जाऊन यावे. वाटेत जे जे पायाला लागेल, ते वाढीव कामाच्या यादीत सगळ्यांत वर लिहावे.