नकाशा आपल्या हाती

इमारतीच्या विटा आपण वाहतो, गिलावा आपण करतो. नकाशा मात्र दुसऱ्याच्या हाती असतो. तो आपल्याही हाती यावा म्हणून आज इमारतींचे मॉडेल करण्याच्या धंद्याविषयी सांगतो. आर्किटेक्ट आणि बिल्डर गिऱ्हाइकाला दाखवायला असे मॉडेल करून घेतात.

आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल या दोन वर्षांच्या कोर्समध्ये नकाशा शिकता येतो. घरातील मुलींनीही तो शिकावा. १:५० प्रमाण म्हणजे १२ मीटरची भिंत मॉडेलात २४ सेंटिमीटर. सुरुवातीला पुठ्ठा, सनबोर्ड, कटर, पोलादी पट्टी आणि फेव्हिकॉल पुरे. महागडे लेझर मशीन लगेच घेऊ नये. आधी वस्तीतल्या विहाराचे माप घेऊन मॉडेल करावे. तेच नमुना म्हणून नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या आर्किटेक्टांना दाखवावे.

निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. नकाशा मध्येच बदलला तर जादा मजुरी, हेही कागदावर लिहून सही घ्यावी. तोंडी बोलीत कष्टकऱ्याचीच मजुरी बुडते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. मात्र ते फेडायचे असते. लग्नकार्यात उडवायचे नसते, हे आपण विसरू नये.