परदेशी सल्लागार आणि देशी व्यवसाय

परदेशी वकिली संस्थांना भारतात कार्यालये थाटू द्यावीत की नाही, हा वाद जुनाच आहे. नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात रिझर्व्ह बँकेने अशा काही संस्थांना संपर्क कार्यालये उघडण्याची अनुमती दिली. तिला १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. निकाल लागेपर्यंत २००९ साल उजाडले. न्यायालयात उभे न राहता सल्ला देणे, करारमदार तयार करणे हीदेखील वकिलीच होय, आणि १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार ती येथील सनदधारकांनीच करावयाची, असे न्यायालयाने ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा अर्थ उचलून धरला. परकीय कायद्यावर सल्ला देण्यासाठी अधूनमधून येण्याची मुभा मात्र ठेवली. पुढे बार कौन्सिलने २०२३ मध्ये नियम केले, २०२५ मध्ये ते सुधारले आणि परस्परतेच्या अटीवर दार किलकिले केले.

हे केवळ वकिलांचे भांडण आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. भांडवल सीमा ओलांडते तेव्हा ते एकटे येत नाही. चाकणला कारखाना काढणारी परदेशी कंपनी विटा, वाळू आणि मजूर येथलेच घेते. परंतु कर्ज, विमा, हिशेबतपासणी आणि कायद्याचा सल्ला कोणाकडून घ्यावयाचा, हे बहुधा तिच्या मुख्यालयात ठरते. तेथील भागधारकांना व सावकारांना ओळखीचे नाव हवे असते. त्यामुळे काम वाढते, पण ते स्थानिक व्यावसायिकाच्या दारावरून पुढे जाते.

यावर बंदी हा उपाय आहे काय? हिशेबतपासणीचा अनुभव वेगळे सांगतो. १९४९ च्या कायद्यानुसार लेखापरीक्षण-अहवालावर सही भारतीय चार्टर्ड अकाउंटंटचीच लागते. तरीही बड्या कंपन्यांच्या तपासणीवर चार आंतरराष्ट्रीय संस्थांशी संलग्न असलेल्या भागीदाऱ्यांचाच वरचष्मा आहे. सही आपली, नाव आणि कार्यपद्धती बाहेरची! २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना दहा वर्षांनंतर लेखापरीक्षक संस्था बदलणे भाग पाडले. पण अनेक ठिकाणी एका मोठ्या नावाची जागा दुसऱ्या मोठ्या नावाने घेतली.

याचा दोष सर्वस्वी परकीयांना देता येणार नाही. १९५६ च्या कंपनी कायद्याने भागीदारांची संख्या वीसवर रोखली होती. जाहिरातीवर व्यवसायाच्या आचारसंहितेचा निर्बंध होता. देशी पेढ्या त्यामुळे घराच्या ओसरीतच राहिल्या, तर प्रतिस्पर्धी खंडोखंडी पसरले. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदा २००८ मध्ये आला, वीसची अटही २०१३ च्या कायद्याने गेली. परंतु तोवर शर्यत बरीच पुढे गेली होती. ज्या कुंपणाने आपले रक्षण व्हावे अशी अपेक्षा होती, त्यानेच आपली वाढ खुंटविली.

परदेशी संस्थांमुळे तरुणांना चांगले वेतन व शिस्तबद्ध प्रशिक्षण मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि जिल्ह्याच्या गावातील हुशार विद्यार्थी शिकण्यासाठी मुंबईस जातो आणि बहुधा परतत नाही. मागे उरणाऱ्या पतसंस्था, साखर कारखाने आणि लहान व्यापारी यांचे हिशेब मग कोणी पाहावयाचे? पतसंस्थेची तपासणी ढिली पडली, तर बुडते ती शिक्षकाची व कारकुनाची आयुष्यभराची ठेव. या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

म्हणून परस्परतेचे तत्त्व कागदावर न ठेवता ते काटेकोरपणे पाळले पाहिजे. देशी पेढ्यांना एकत्र येण्यास, वकील व लेखापाल यांना एका छत्राखाली काम करण्यास वाव दिला पाहिजे. सरकारने आणि सार्वजनिक बँकांनी निविदांत उलाढालीच्या अशा अटी घालू नयेत की, लहान पेढी उंबरठ्यावरच अडेल. दार उघडताना घरातील माणसे उभी राहण्याइतकी सशक्त आहेत ना, हे पाहणे म्हणजे संकुचितपणा नव्हे. तो व्यवहार आहे.