संकेतस्थळाचा सातबारा कुणाच्या नावावर?

१९९०च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा प्रश्न साधा होता. जिच्या घामावर शेत पिकतं, तिचं नाव सातबाऱ्यावर का नाही? पुरुषांनी स्वखुशीनं बायकोच्या नावे जमीन करून द्यावी, अशी ती मोहीम होती. हक्क पुरुषाच्या औदार्यावर सोपवायचा का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण नाव कागदावर लागतं, नुसतं राबून भागत नाही, हे त्या मोहिमेनं घराघरांत पोचवलं. आज तोच प्रश्न मला एका वेगळ्या जमिनीबद्दल विचारायचा आहे.

कसालच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मालवणचा रस्ता फुटतो. तारकर्ली-देवबागकडे जाणारे पर्यटक इथूनच वळतात. त्यांच्या राहण्याची सोय मात्र तिठ्यावर ठरत नाही, ती मोबाईलवर आधीच ठरलेली असते. किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांत पहाटे उठून घावणे घालणारी, चादरी धुणारी, पाहुण्यांच्या पोरांना समुद्रात खोल जाऊ नका म्हणून ओरडणारी बाईच असते. बुकिंगच्या मोठ्या कंपन्या भाड्यातला आपला हिस्सा कापून घेतात. ते टाळावं म्हणून काहींनी स्वतःच्या वेबसाइट काढल्या आहेत. कोकम आगळ, काजूगर, मालवणी मसाला विकणाऱ्या काही बचतगटांनीही काढल्या आहेत. अशा सात-आठ जणींना मी एकच प्रश्न विचारला, पासवर्ड कुणाकडे आहे? उत्तरं अशी आली: ‘पुतण्याकडे’, ‘पुण्याच्या त्या झिलाकडे’, ‘ह्यांच्याकडे’. एका गटाच्या वेबसाइटच्या नावाची वर्षाची मुदत संपली. सूचनेचा ईमेल गेला तो ती करून देणाऱ्या मुलाला, आणि तो तर नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेला होता. ते नाव बाहेरच्याच कुणी तरी विकत घेतलं. पाकिटांवर छापलेला पत्ता आज भलत्याच ठिकाणी उघडतो.

या वेबसाइट ज्या सामग्रीवर उभ्या असतात ती फुकट आहे आणि मुक्तही आहे, म्हणून हे मला जास्त लागतं. त्या सामग्रीचं नाव पीएचपी. रास्मुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या तरुणानं १९९४ साली स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी काही लहान उपकरणं लिहिली आणि जून १९९५मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. त्यातून ही भाषा वाढली. २०२५च्या जूनमध्ये तिला तीस वर्षं झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिची ८.५ ही आवृत्ती आली. हौशी लोकांची भाषा म्हणून विद्वान प्रोग्रॅमर तिला नाकं मुरडत आले. स्वयंपाकघरातल्या ज्ञानाला ज्ञान न मानणारी जातकुळी सगळीकडे सारखीच असते. पण जगातली बहुसंख्य संकेतस्थळं आजही पडद्यामागे याच भाषेवर चालतात.

मुक्त म्हणजे काय? फुकट हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला दुसऱ्याला देता येतो. आजीनं नातीला लोणच्याची कृती सांगावी, नातीनं त्यात मेथी कमी करावी आणि शेजारणीला द्यावी, तसंच हे. बंद सॉफ्टवेअर म्हणजे सीलबंद बरणी. खायची, पण आत काय आहे विचारायचं नाही.

एकाच मातीची दोन भांडी बघा. फेसबुक २००४ साली सुरू झालं ते पीएचपीतच लिहिलेलं होतं. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही पीएचपीतच लिहिलेलं आहे. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून आहे. त्यातला प्रत्येक शब्द कुणी, कधी लिहिला हे कुणालाही पाहता येतं आणि सगळाच्या सगळा मजकूर उतरवून घेता येतो. फेसबुकवर तुमच्या गटाचं पान एका सकाळी बंद झालं, तर दाद मागायला दारच सापडत नाही. आपल्या कितीतरी महिला संघटनांचा गेल्या दहा-पंधरा वर्षांचा इतिहास, म्हणजे मोर्च्यांचे फोटो, पत्रकं, निषेधाची निवेदनं, आज फक्त त्या पानांवर आहे. सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावर बाग फुलवायची आणि मग बागेला कुंपण घालायचं, हा व्यवहार कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. अर्थात विकिपीडियाच्या अंगणातही सगळं छान नाही. तिथं लिहिणाऱ्यांत बायकांचं प्रमाण फार कमी आहे, हे विकिमीडियाच्या स्वतःच्या पाहण्याही सांगतात. दार उघडं असलं तरी दुपारी दोन तास मोकळे मिळायला हवेत ना!

आता वर्डप्रेसकडे येते, कारण आपल्या बहुतेक छोट्या वेबसाइट त्यावर असतात. २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी एका जुन्या मुक्त सॉफ्टवेअरवरून ते बनवलं. आज जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी दोनांहून जास्त वर्डप्रेसवर आहेत. त्याची ५.६ ही आवृत्ती डिसेंबर २०२०मध्ये आली. ती बाहेर काढणाऱ्या चमूत स्वतःला स्त्री किंवा स्त्री-पुरुष चौकटीबाहेरचं मानणाऱ्याच सगळ्या होत्या, आणि तिला नाव दिलं होतं गायिका नीना सिमोनचं. बायकांना जमतं की नाही, हा प्रश्न तिथंच संपायला हरकत नाही.

पण २०२४च्या सप्टेंबरात याच वर्डप्रेसमध्ये मोठं भांडण पेटलं. मलनवेग यांची स्वतःची ऑटोमॅटिक नावाची कंपनी आहे. वर्डप्रेसच्या वेबसाइट सांभाळून देण्याचा धंदा करणाऱ्या डब्ल्यूपी इंजिन या दुसऱ्या कंपनीवर त्यांनी आरोप केला की ही वर्डप्रेसवर कमावते आणि परत काही देत नाही. आरोपात तथ्य किती हा भाग वेगळा. त्यांनी केलं काय, तर ज्या मध्यवर्ती ठिकाणाहून सगळ्या वेबसाइट सुधारणा आणि जोडसॉफ्टवेअर उतरवून घेतात, ते दार त्या कंपनीसाठी बंद केलं. मग ऑक्टोबरात तिचं लाखो ठिकाणी वापरलं जाणारं एक जोडसॉफ्टवेअर नाव बदलून आपल्याकडे घेतलं. कंपनी कोर्टात गेली. १० डिसेंबर २०२४ला अमेरिकेतल्या न्यायालयानं दार पुन्हा उघडायचा अंतरिम आदेश दिला. दोन सावकारांच्या या भांडणात आपण कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. सॉफ्टवेअर कागदोपत्री सगळ्यांचं होतं, पण ते वाटणारं केंद्र एका माणसाच्या हाती होतं आणि हे वीस वर्षं कुणाला खुपलं नव्हतं. २०२५च्या जूनमध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वाटपाचं केंद्र एकच नसावं, अनेक असावीत, अशी त्याची मांडणी आहे. जमीन गावाची पण पाणवठ्याची किल्ली पाटलाकडे, हे चित्र बदलायची खटपट उशिरा का होईना सुरू झाली.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, ती श्रमाची. ही मुक्त सामग्री रोज सांभाळतं कोण? नवीन काही बनवणाऱ्याचं नाव होतं. भोकं बुजवणाऱ्याचं, जुनं झाडून काढणाऱ्याचं, नवख्यांच्या शंकांना शंभराव्यांदा उत्तर देणाऱ्याचं होत नाही. मार्च २०२१मध्ये कुणी तरी पीएचपीच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये शिरून मूळ कोडात चोरदार घुसवलं, तेही लेरडॉर्फ आणि निकिता पोपोव्ह या प्रमुख प्रोग्रॅमरांच्या नावावर. ते लगेच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्याच वर्षी पोपोव्ह दुसऱ्या कामाकडे वळले, आणि जगातल्या बहुसंख्य वेबसाइटचा भार खरोखर दोन-चार माणसांच्या खांद्यांवर होता हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२१मध्ये काही कंपन्यांनी मिळून पीएचपी फाउंडेशन काढलं. आता त्यातून दहाच्या आसपास जणांना या कामाचे पैसे मिळतात. जर्मन सरकारच्या निधीतूनही या कामाला पैसा मिळाला आणि सुरक्षेची तपासणी झाली.

मैत्रिणींनो, हे वाचताना काही आठवलं का? घरकामाचं मोल काय, हा प्रश्न आपण किती वर्षं मांडतोय. सगळी अर्थव्यवस्था ज्यावर उभी आहे ते काम अदृश्य, बिनपगारी आणि ‘प्रेमापोटी’ केलेलं. करणारी आजारी पडली की मगच घराला कळतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी निदान वीस-पंचवीस वर्षांत का होईना, ‘प्रेमापोटी’ पुरत नाही हे कबूल केलं. त्या कामाला सरकारी तिजोरीतून पैसा द्यायची वेळ जर्मनीवर आली. आपल्या तिजोरीनं अंगणवाडी सेविकेला अजून कामगारसुद्धा मानलेलं नाही, ‘मानधन’ हा शब्द अजून तसाच आहे. आणि हेही म्हणायला हवं की फुकट वेळ देऊन कोड लिहायची चैन परवडते ती ज्याच्या पुढ्यात ताट आयतं येतं त्यालाच. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बायका कमी का, याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका, स्वयंपाकघरात शोधा.

आपल्याकडे तर सुरुवातच उलटी झाली. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झालं. खेड्यापाड्यांतल्या लाखो मुली पहिल्यांदा संगणकापुढे बसल्या त्या या अभ्यासक्रमामुळे, हे श्रेय द्यायलाच हवं. पण शिकवलं काय? विंडोज आणि ऑफिस. एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण मायक्रोसॉफ्ट असंच समजणारे कितीतरी भेटतात आणि त्यांना फारसं चूकही म्हणवत नाही. तिकडे केरळनं सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. आपल्या मुली एका कंपनीचे मेनू पाठ करत राहिल्या. याची किंमत या पानांनीही मोजली आहे. चळवळीतल्या नियतकालिकांचे नव्वदच्या दशकातले अंक श्रीलिपी नाहीतर आकृतीसारख्या फाँटांत जुळवलेले. आज त्या फायली उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, ती कन्व्हर्टरमधून काढून हातानं दुरुस्त करावी लागते. युनिकोड आलं, सगळ्यांचं एकच खुलं मानक झालं, आणि मगच मराठी मजकूर कुठल्याही संगणकावर सुखानं नांदायला लागला.

किल्ली कुणाकडे हा प्रश्न वेबसाइटपुरता नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडलांचं आधार आणि त्यांच्या फोनवर येणारा ओटीपीही लागू झाला. नवरा वारलेला, वडीलही नाहीत, किंवा नवऱ्यानं टाकलेलं, अशा बाईनं पडद्यावरच्या त्या चौकटीत काय भरायचं? ओरड झाल्यावर कागदपत्रांची वेगळी सोय झाली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली. पैसे बहिणीचे, पण दार भाओजींच्या मोबाईलनं उघडायचं! या पोर्टलचा कोड खुला असता म्हणून अट गेली नसती, एवढं भाबडं व्हायचं कारण नाही. पण निराधार बाईसाठी चौकटच ठेवलेली नाही, हे पोर्टल सुरू व्हायच्या आधीच कुणी तरी वाचून दाखवलं असतं. केंद्र सरकारचं २०१५चं धोरणच सांगतं की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या. २०२०च्या मे महिन्यात लोकांनी मागणी लावून धरली तेव्हा आरोग्य सेतूचा कोड सरकारनं खुला केलाच होता. म्हणजे मागता येतं.

बोलण्याची किल्लीही अशीच. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या आवडल्याचं बटण दाबलं आणि दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. ज्या ६६-अ कलमाखाली अशा अटका व्हायच्या ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ला रद्द केलं. मुक्त सॉफ्टवेअर पोलिसांपासून वाचवत नाही. पण तुमचं लिखाण तुमच्या सर्व्हरवर असेल, तर जमावाच्या तक्रारींच्या भडिमारानं कुठली तरी परदेशी कंपनी ते परस्पर उतरवू शकत नाही.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आणखी एक विषय घ्या. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावे नोंदलंय? नोंदीतला ईमेल कुणाचा? नूतनीकरणाची तारीख कोणती? नाव गटाचं हवं, ईमेल गटाचा हवा आणि पासवर्ड किमान दोघींना माहीत हवा. इतिवृत्ताच्या वहीत तारीख लिहून ठेवा. सर्व्हरवर पीएचपी कुठली आहे तेही विचारा. ८.१ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२५च्या अखेरीस थांबल्या, म्हणजे त्याच्या मागची आवृत्ती असेल तर घराला कडीच नाही असं समजा. सगळ्या मजकुराची आणि फोटोंची एक प्रत महिन्यातून एकदा गटाच्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. करून देणाऱ्या मुलाला हे सगळं माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. त्याला चहा द्या, कामाचे पैसे द्या, आणि दहावी-बारावी झालेली गटातली एक मुलगी त्याच्या शेजारी बसवा.