खाडीकाठची शाळा

पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. मांडवीकाठच्या मुलांना तो अद्यापि मुख्यतः पुस्तकातच भेटावा, ही मौजच म्हणायची. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेले की चोडणचे, १९८८ साली घोषित झालेले, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांशी निवट्या चिखलावर उड्या मारतात आणि वर खंड्या टपून बसतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. भोम येथे तर मातीची मगर करून पूजतात.

परंतु पक्षी मोजून परतणे ही सहल झाली, शिक्षण नव्हे. पावसाळ्यात जवळजवळ गोडी होणारी ही खाडी उन्हाळ्यात खारी का होते, पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे मुलांनी स्वतः तपासावे. स्नानयोग्य खाडीपाण्यात तो लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असावा आणि विष्ठाजन्य जंतू १०० मिलिलिटरमध्ये १०० हून अधिक नसावेत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. जंतूंची परीक्षा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी करून द्यावी. आकडा वाईट निघाला, तर सांडपाणी कोणाचे, असे मुले विचारणारच. तो प्रश्न ग्रामसभेपुढे मांडण्याची मुभा शाळेने त्यांना द्यावी.